पेन्सविक ते कोल्सबोर्न: स्नोड्रॉपच्या शोधात तीन दिवस

गॅलँटामाइन हे नाव मी प्रथम वाचले ते आईच्या औषधांच्या चिठ्ठीवर. तिची स्मृती दिवसेंदिवस विरळ होत चालली होती, घरातल्या माणसांची नावे तिच्या ओठांपर्यंत येऊन परत फिरत होती, आणि साताऱ्यातल्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांमध्ये ही एक होती. तीस वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवल्यामुळे औषधाचे नाव वाचले की त्यामागची वनस्पती शोधायची मला सवय लागली आहे. या नावामागे गॅलँथस निघाले, म्हणजे इंग्लंडात ज्याला स्नोड्रॉप म्हणतात ते हिवाळ्यात फुलणारे कंदफूल. १९५० च्या दशकात सोव्हिएत संघात आणि बल्गेरियात झालेल्या संशोधनातून या कंदांमधले हे अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारे एक प्रकारचे रसायन, औषध म्हणून पुढे आले आणि अल्झायमरच्या रुग्णांना ते आजही देतात. गोळ्यांनी आई बरी झाली नाही. ऱ्हासाचा वेग काही काळ कमी करणे एवढेच त्या औषधाचे काम आहे. पण त्या काही महिन्यांत ती मला अनेकदा नावाने हाक मारत असे, आणि तेव्हाच मी ठरवले की हे फूल एकदा त्याच्या मातीत उभे असलेले पाहायचे.

माझी लेक रेडिंगला राहते. तिच्याकडे मी याआधी दोनदा गेले होते, पण दोन्ही वेळा उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात या झाडाचे पानही जमिनीवर दिसत नाही. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत एवढाच त्याचा काळ. म्हणून या वेळी मी मुद्दाम फेब्रुवारीतले तिकीट काढले. थंडीत तिकडे काय पाहायचे, झाडांना पानेसुद्धा नसतात, असे इथल्या सगळ्यांनी सांगून पाहिले. झाडांना पाने नसतात म्हणूनच तर ही फुले फुलतात, हे मी त्यांना समजावून सांगितले. वरच्या वृक्षांची पालवी फुटून जमिनीवरचा उजेड बंद होण्याआधी पान, फूल आणि बी हे सगळे उरकून घ्यायचे, हा या कंदांचा जगण्याचा मार्ग आहे. लेकीने तीन दिवसांची रजा जुळवली आणि ग्लॉस्टरशरमधल्या तीन जुन्या इस्टेटींच्या बागा ठरवल्या. तिने ग्लॉस्टरशर निवडला यामागे कारण होते. स्नोड्रॉप हे मूळचे ब्रिटनचे फूल नसावे असे आता बहुतेक अभ्यासक मानतात; १५९७ साली जॉन जेरार्डने आपल्या वनस्पतिग्रंथात त्याची नोंद केली ती बागेतले फूल म्हणून, आणि ते रानात उगवलेले आढळल्याच्या पहिल्या नोंदी १७७० च्या दशकातल्या, त्या ग्लॉस्टरशर आणि वुस्टरशर या परगण्यांतल्या.

पहिला दिवस, शुक्रवार

रेडिंगहून स्ट्राउडला थेट गाडी आहे. स्विंडन मागे पडल्यावर सपाट शेते संपतात, रुळांच्या दोन्ही बाजूंनी टेकड्या जवळ येऊ लागतात, आणि स्ट्राउडच्या अलीकडे गाडी अरुंद दरीतून वळणे घेत जाते. स्ट्राउडहून बसने पेन्सविक फार दूर नाही. सगळे गाव एकाच चुनखडीच्या दगडाचे बांधलेले आहे. तो दगड ओला असताना राखी दिसतो आणि जरा ऊन पडले की जुन्या तुपाच्या रंगावर जातो. आम्ही पोहोचलो तेव्हा झिमझिम पाऊस पडत होता. सामान उताऱ्यावर ठेवले, पायांत रबरी बूट चढवले आणि गावाबाहेर अर्ध्या मैलावर असलेल्या पेन्सविक हाउसच्या बागेकडे चालत निघालो.

ही बाग रस्त्यावरून दिसत नाही, घरासमोरूनही दिसत नाही. घराच्या मागे जमीन एकदम खाली उतरते आणि त्या खोलगट दरीत सगळी बाग वसवलेली आहे. १७४० च्या दशकात बेंजामिन हायेट यांनी ती रचली. त्या आधीच्या बागा कवायतीला उभ्या केलेल्या शिपायांसारख्या सरळ रांगांच्या होत्या, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत मोकळी कुरणे आणि तळी यांची निसर्गासारखी भासणारी बाग लोकप्रिय झाली. या दोहोंच्या मधल्या थोड्या वर्षांत रोकोको नावाची खेळकर शैली आली आणि गेली. त्यात एक बाजू दुसरीशी जुळलीच पाहिजे असा आग्रह नसतो. वाट वळते, वळणावर एखादी छोटी इमारत उभी असते, आणि ती इमारत मुद्दाम थोडी तिरकी असते. पेन्सविकचे रेड हाउस तसेच आहे. त्याचे दोन दर्शनी भाग दोन वेगवेगळ्या वाटांकडे तोंड करून कोनात बसवले आहेत, त्यामुळे समोर उभे राहिले की ते एका अंगावर कललेले वाटते. इंग्लंडातल्या या शैलीच्या बहुतेक बागा पुढच्या पिढीने मोडून नव्या केल्या. ही पूर्ण स्वरूपात उरली, निदान पुन्हा उभी करता येईल इतकी उरली.

पुन्हा उभी कशी केली, ती हकीकत मला फुलांइतकीच मोलाची वाटते. विसाव्या शतकाच्या मध्यावर बागेची निगा ठेवणे थांबले आणि काटेरी झुडपांनी व रानटी झाडांनी ती गिळून टाकली. पण १७४८ साली टॉमस रॉबिन्स या चित्रकाराने बागेचे एक चित्र काढून ठेवले होते. वरून पाहिल्यासारखे, प्रत्येक वाट, प्रत्येक वाफा, तळे, कमान असे सगळे दाखवणारे. १९८४ पासून जीर्णोद्धार सुरू झाला तेव्हा त्या चित्राचाच नकाशा झाला. मधोमध भाज्यांचे वाफे, त्यांच्या वरच्या अंगाला एक्सेड्रा नावाची पांढरी, टोकदार कमानींची, अर्धवर्तुळाकार लाकडी भिंत आणि तिच्यासमोर छोटे पाणी, असे सगळे चित्रात होते तिथेच आज आहे. जवळजवळ अडीचशे वर्षांपूर्वीचे एक चित्र हातात घेऊन माणसे झुडपे तोडत पुढे सरकली असतील आणि मातीखाली जुन्या वाटेचा दगड लागल्यावर थांबली असतील, हे डोळ्यांसमोर आणून मी एक्सेड्राजवळ बराच वेळ उभी राहिले.

स्नोड्रॉपचे वन दरीच्या एका उतारावर आहे. वाट वृक्षांखाली शिरते आणि दोन्ही बाजूंना जमीन पांढरी होते. गॅलँथस हा शब्द दूध आणि फूल या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून झाला आहे, हे मी वर्गात कितीदा सांगितले असेल, पण त्याचा अर्थ मला त्या उतारावर उमगला. दूध उतू जावे आणि चुलीच्या कडेवरून ओघळत खाली यावे तशी ती फुले वरून खाली पसरली होती. जिथे मूळ किंवा दगड आडवा आला तिथे दोन ओघळ होऊन पुन्हा एकत्र आली होती. पावसाळ्याच्या अखेरीस कासच्या पठारावर गेंद फुलतो तेव्हाही जमीन अशीच पांढरी होते. पण कासला सगळे उघड्यावर असते, आभाळाखाली असते, आणि वारा सतत वाहत असतो. इथे काळ्या, ओल्या, निष्पर्ण बुंध्यांमध्ये ती फुले उजेड साठवून ठेवल्यासारखी दिसत होती. वाटेच्या कडेने दोर लावले होते आणि लोक ते ओलांडत नव्हते. कासला कुंपण घालावे लागले त्यावरून झालेले वाद मला आठवले. दोराचे मोल लोकांना पटवण्यात आमची किती वर्षे गेली.

इथल्या फुलांत बहुसंख्य दोन प्रकार आहेत. एक साधा, गॅलँथस निव्हालिस, म्हणजे १७५३ साली लिनियसने ज्याला हे नाव दिले तो. दुसरा ॲटकिन्साय. जेम्स ॲटकिन्स हे नॉर्थॅम्प्टनचे रोपवाटिकाकार. निवृत्तीनंतर ते याच इस्टेटीवरच्या एका घरात राहायला आले, आणि त्यांनी वाढवलेला उंच, लवकर फुलणारा हा स्नोड्रॉप त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याच्या बाहेरच्या पाकळ्या लांबट असतात, कानातल्या लोलकासारख्या. साध्या प्रकारापेक्षा तो जवळजवळ दीडपट उंच दिसतो. बियांपेक्षा तो कंदांच्या वाटणीनेच वाढतो. एका कंदाचे दोन, दोनाचे चार, असे होत त्याचे गड्डे बनतात. याचा अर्थ मी तिथल्या तिथे लेकीला सांगितला: समोर दिसणारे हे हजारो ॲटकिन्साय एका अर्थी त्या एकाच म्हाताऱ्या माळ्याच्या वाफ्यातले रोप आहे. माणसे बदलली, बाग रानात बुडाली, पण काट्यांखाली दर फेब्रुवारीला हे रोप वर येत राहिले. वाट दाखवायला चित्र लागले. फुलांना ते लागले नाही.

वाटेवर एके ठिकाणी कडेचा गड्डा अगदी हाताजवळ होता. मी गुडघा टेकून बसले आणि एका फुलाखाली तर्जनी धरून ते हलकेच वर उचलले. स्नोड्रॉप उभ्याने पाहून कळत नाही, कारण त्याचे तोंड जमिनीकडे असते. बाहेरच्या तीन पाकळ्या शुभ्र, चमच्यासारख्या खोलगट. त्यांच्या आत निम्म्या लांबीच्या तीन पाकळ्या एकमेकींना चिकटून छोटा घागरा करतात, आणि त्या प्रत्येकीच्या टोकाला एक खाच आणि खाचेभोवती उलट्या इंग्रजी व्ही अक्षरासारखी हिरवी खूण असते. आतून पाहिले तर त्या पाकळ्यांवर हिरव्या बारीक उभ्या रेघा असतात, कोणी एकाच टाकाने सावकाश ओढल्यासारख्या. मध्ये सहा केशरी पुंकेसर. हे सगळे मोगऱ्याच्या कळीहून फार मोठे नाही. वर्गात मी फळ्यावर खडूने ज्या आकृत्या काढत आले त्यांत ही हिरवी रेघ कधी आलीच नव्हती.

दुसरा दिवस, शनिवार

रात्री आभाळ निवळले आणि कडाक्याची थंडी पडली. सकाळी साडेसातला उताऱ्याच्या मागच्या अंगणात गेले तर भिंतीकडेची स्नोड्रॉप सगळी आडवी पडलेली होती. दांडे काचेसारखे कडक आणि पारदर्शक, फुले मातीला टेकलेली. रात्रीच्या गोठणाने ती मेली, असे कोणालाही वाटावे. पण ही वनस्पती पेशींमध्ये अशी प्रथिने बाळगते की बर्फाचे स्फटिक वाढून पेशी फाटत नाहीत, आणि कोवळी पाने गोठलेल्या जमिनीतून वर येताना त्यांची टोके कठीण असतात, सुईसारखी माती भेदून जातात. न्याहारीनंतर, दहाच्या सुमारास, अंगणात ऊन उतरले. मी पुन्हा गेले. दांडे मऊ होऊन वर उठू लागले होते. काही निम्म्यावर आले होते, काही सरळ उभे राहून पुन्हा मान खाली घालून होते. हे मी पुस्तकात वाचले होते, शिकवलेही होते. तरीही मी लेकीला हाका मारून बाहेर बोलावले, आणि आम्ही दोघी थंडीत हात चोळत त्या भिंतीशी एक दांडा उभा होईपर्यंत थांबलो.

निघण्याआधी गावातल्या सेंट मेरीच्या आवारात फेरी मारली. कातरून गोल केलेले यू वृक्ष तिथे रांगांनी उभे आहेत. ते नव्याण्णव आहेत आणि शंभरावा लावला तर जगत नाही अशी गावाची समजूत आहे. आम्ही मोजले नाहीत, कारण टॅक्सी आली होती.

कोल्सबोर्न चेल्टनम आणि सायरनसेस्टर यांच्यामध्ये, चर्न नदीच्या खोऱ्यात आहे. चर्न पुढे टेम्सला मिळते. इस्टेटीचे मोठे घर आता नाही. ते पाडले गेले, आज आहे ते लहान घर नंतरचे. शेजारी चर्च आहे, भोवती जुने वृक्ष आहेत आणि खाली तळे आहे. इथे फुले पाहायला लोक येतात ते स्नोड्रॉपच्या मोसमात मोजक्या शनिवार-रविवारी. कडक ऊन, निळे आभाळ आणि वारा नाही, असा दिवस आम्हाला मिळाला.

हे घर ज्यांचे होते त्या हेन्री जॉन एल्वेस यांच्याविषयी मी आधी वाचून आले होते. जन्म १८४६, मृत्यू १९२२. काही वर्षे सैन्यात काढून त्यांनी ते सोडले आणि उरलेले आयुष्य पक्षी, फुलपाखरे, कंद आणि वृक्ष यांच्यामागे जगभर हिंडण्यात घालवले. १८७० मध्ये ते सिक्कीममध्ये होते. लिलींच्या प्रजातीवर त्यांनी मोठा सचित्र ग्रंथ सिद्ध केला, आणि ऑगस्टीन हेन्री यांच्याबरोबर ब्रिटन व आयर्लंडमधल्या वृक्षांवर सात खंड लिहिले, ते १९०६ ते १९१३ या काळात निघाले. १८९७ साली रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने व्हिक्टोरिया पदक सुरू केले तेव्हा पहिल्या साठ मानकऱ्यांत ते होते. पण त्यांचे नाव घरोघर गेले ते एका कंदामुळे. १८७४ च्या वसंतात, तुर्कस्तानात स्मिर्ना, म्हणजे आजचे इझमिर, या शहराजवळच्या डोंगरांत त्यांना मोठ्या फुलाचा, रुंद राखी-हिरव्या पानांचा एक स्नोड्रॉप दिसला. पुढच्या वर्षी जोसेफ डाल्टन हुकर यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध करून त्याला गॅलँथस एल्वेसाय हे नाव दिले. हुकर हे नाव भारतातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्रत्येक शिक्षकाला घरातल्यासारखे आहे; ब्रिटिश इंडियाच्या वनस्पतींवरचे त्यांचे सात खंड आमच्या विभागाच्या कपाटात होते आणि सह्याद्रीतले एखादे अडलेले झाड ओळखायला शेवटी तेच काढावे लागत. चर्नच्या काठी येऊन ते नाव पुन्हा भेटले याचा मला मनापासून आनंद झाला.

एल्वेसाय ओळखायला सोपा आहे. पाने दोन, पण एक दुसरीला तळाशी कवटाळून असते, केळीच्या पोग्यासारखी, आणि त्यांवर चमकदार हिरव्याऐवजी धुरकट निळसर छटा असते. आतल्या पाकळीवर सहसा दोन खुणा, एक टोकाला आणि एक देठाकडे. काहींत त्या वाढून एकमेकींना मिळतात. शेजारीच प्लिकाटस होता, पानांच्या कडा खाली मुडपलेला. हा क्रिमियातला, १८५३ ते १८५६ च्या युद्धावरून परतणाऱ्या ब्रिटिश सैनिकांनी त्याचे कंद बरोबर आणले असे सांगतात. लढाईवरून परतताना माणूस खिशात कंद घालून आणतो, यावर मला फार काही सुचले नाही. मी त्या पानांची कडा बोटाने चाचपून पाहिली. तुर्कस्तान, कॉकेशस, ग्रीस, क्रिमिया असे सगळीकडचे मिळून गॅलँथसचे वीसेक प्रकार निसर्गात आहेत, आणि बागांत ते एकमेकांत मिसळून जे संकर झाले त्यांना शेकड्यांनी नावे आहेत. कोल्सबोर्नमध्ये त्यांपैकी शेकडो प्रकार पाट्या लावून ठेवले आहेत.

एल्वेस गेल्यावर त्यांचा संग्रह विस्कटला. कंद विकले गेले, वाटले गेले, उरलेले विसरले गेले. पुढे मोठे घरही गेले. पण वृक्षांखाली उरलेले कंद कोणी न विचारता वाढत राहिले, आणि पुढच्या पिढ्यांनी, विशेषतः त्यांच्या पणतूच्या कुटुंबाने, ते पुन्हा ओळखले, खणले, वेगळे केले आणि लावले. इथे मी एका वृद्ध स्वयंसेविकेजवळ बराच वेळ रेंगाळले. ती मातीने काळ्या झालेल्या नखांनी एक गड्डा सोडवून दाखवत होती. दर काही वर्षांनी, फुले ओसरून पाने अजून हिरवी असतानाच, गड्डा उचलायचा, कंद सुटे करायचे आणि लगेच पुन्हा लावायचे, कारण कोरडा पडलेला कंद रुसतो, असे ती म्हणाली. दुर्मीळ प्रकार लवकर वाढवायचा असेल तर कंद पात्याने उभा चिरतात, प्रत्येक तुकड्यात दोन खवले आणि तळाचा थोडा चकतीसारखा भाग राहील असे पाहतात, आणि ते तुकडे पिशवीत ओलसर ठेवतात. खवल्यांच्या मध्ये नवे छोटे कंद धरतात आणि दोन-तीन वर्षांनी फुलतात. कांदा चिरण्यासारखेच हे काम, पण त्या बोटांची नजर आमच्या प्रयोगशाळेतल्या कोणत्याही हातापेक्षा पक्की होती. तिने एक सुटा कंद माझ्या तळहातावर ठेवला. गावठी लसणीच्या पाकळीपेक्षा थोडा मोठा, तपकिरी पातळ सालीतून पांढरा दिसणारा, आणि त्याच्या मानाने जड. आईला दिलेल्या गोळीचे मूळ हे. मी ते तिला सांगितले. तिने माझ्या हातावर आपला हात ठेवला आणि काही वेळ काढला नाही.

दुपारी बाराच्या पुढे उन्हात ऊब आली आणि फुले उघडली. हेही जवळून पाहावे असे आहे. थंडीत बाहेरच्या तीन पाकळ्या मिटून खाली लोंबत असतात. हवा जरा उबदार झाली, साधारण दहा अंशांच्या वर गेली, की त्या वर उचलल्या जाऊन पसरतात आणि आतला हिरवा घागरा उघडा पडतो. त्याच वेळी कुठून तरी मधमाश्या आल्या. फेब्रुवारीत दुसरे फारसे काही फुललेले नसते, त्यामुळे त्यांना हे फूल फार मोलाचे. एस. आर्नट नावाच्या प्रकाराचा एक मोठा ताटवा वाटेच्या वळणावर होता. स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीजच्या सॅम्युएल आर्नट यांच्या नावाचा हा स्नोड्रॉप, गोल, भरदार आणि सुगंधी. त्याच्याजवळ उन्हात उभे राहिले की मधाचा वास येतो. वास म्हणजे झुळूक नव्हे, मधाचे पोळे नुकतेच काढून भांड्यात पिळले असावे तसा स्पष्ट वास. स्नोड्रॉपला वास नसतो असे मी आजवर समजत होते.

तळ्याचे पाणी निळे आहे. आभाळाचे प्रतिबिंब म्हणावे तर ते सावलीतही निळेच होते, नीळ घातलेल्या पाण्यासारखे. पाण्यात तरंगत राहणाऱ्या अतिसूक्ष्म चिकणमातीच्या कणांमुळे असे होते. त्या निळ्याच्या काठाने उतारभर पांढरी फुले, आणि मधूनमधून सायक्लामेनचे गुलाबी ठिपके व ॲकोनाइटचे पिवळे. आम्ही काठाकाठाने पूर्ण फेरी मारली आणि मग पुन्हा एकदा मारली.

विक्रीच्या टेबलावर कुंड्या होत्या, काही पौंडांपासून पुढे. दुर्मीळ कंदांच्या किमती कुठवर जातात ते लेकीने मला सांगितले तेव्हा मला ते पटायला वेळ लागला: २०१५ मध्ये गोल्डन फ्लीस नावाचा एक पिवळसर स्नोड्रॉप ऑनलाइन लिलावात १,३९० पौंडांना गेला, आणि २०२२ मध्ये गोल्डन टिअर्स १,८५० पौंडांना. एवढ्या किमतीमुळे बागांतून कंद चोरीलाही जातात. मला या किमतींचे कौतुक वाटत नाही. संपूर्ण गॅलँथस वंश रानटी प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, कारण तुर्कस्तानच्या डोंगरांतून एल्वेसायचे कंद एके काळी प्रचंड संख्येने खणून विकले जात होते. एखादे फूल आवडणे आणि ते आपल्या मालकीचे असावेसे वाटणे या दोहोंतले अंतर आपल्याकडेही रानहळदीच्या आणि आमरीच्या बाबतीत लोक विसरतात. आम्ही एस. आर्नटची एक कुंडी घेतली, तीन फुलांची, इथेच वाढवलेल्या कंदांची.

मुक्काम सायरनसेस्टरला होता. पाय दुखत होते, त्यामुळे संध्याकाळी बाहेर पडलो नाही. कुंडी खोलीच्या उबेत ठेवू नये म्हणून ती खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवली.

तिसरा दिवस, रविवार

रॉडमार्टन मॅनर ही तिसरी बाग. हे घर फार जुने नाही, १९०९ मध्ये बांधायला घेतले आणि १९२९ मध्ये पूर्ण झाले. अर्नेस्ट बार्न्सली यांनी ते बिडल्फ कुटुंबासाठी रचले. यंत्राने केलेल्या वस्तूंना नकार देऊन हातांच्या कारागिरीकडे परत जाण्याच्या चळवळीतले हे घर आहे. दगड जवळचा, लाकूड इस्टेटीचेच, आणि काम करणारी माणसे आसपासच्या गावांतली. वीस वर्षे एका गावाला पुरले असे ते काम होते. बाग कातरलेल्या कुंपणांनी खोल्यांसारखी विभागलेली आहे, आणि स्नोड्रॉपचे दीडशेहून अधिक प्रकार त्या खोल्यांत, भिंतींच्या पायथ्याशी आणि दगडी कुंड्यांत लावलेले आहेत. पण आदल्या दोन दिवसांनंतर माझे मन इथे तितके रमले नाही. आभाळ पुन्हा दाटले होते, फुले मिटलेली होती, आणि संग्रहालयातल्यासारखे पाटीवरून पाटीवर जाणे मला पेन्सविकच्या उतारानंतर कमी वाटले. एक मात्र सांगायला हवे: इथे दुहेरी पाकळ्यांचे पुष्कळ प्रकार आहेत, आणि आतल्या घागऱ्यात हिरव्या काठाच्या पाकळ्यांची घडीवर घडी बसलेली पाहायची तर रॉडमार्टनला यावे.

तीनच्या सुमारास केम्बल स्थानकावर आलो. फलाटावर थंडी होती. लेकीने विचारले, "आई, ही कुंडी साताऱ्याला नाही का नेता येणार?" नेता येत नाही, हे तिलाही ठाऊक होते. कायद्याची कागदपत्रे करता आली असती असे धरले तरी या कंदाला दरवर्षी खरी थंडी लागते. आपल्या उन्हाळ्यात तो जमिनीत शिजून जाईल. मी म्हटले, तुझ्या अंगणात लावू.

रेडिंगला पोहोचलो तेव्हा उजेड थोडाच उरला होता. तिच्या मागच्या अंगणात एक सफरचंदाचे झाड आहे. उन्हाळ्यात त्याखाली सावली असते आणि आता फांद्या मोकळ्या होत्या, तेव्हा जागा तीच योग्य होती. जावयांनी स्वयंपाकघराचा दिवा लावून दार उघडे ठेवले आणि त्या उजेडात मी खुरपीने माती काढली. माती गार होती, चिकट होती, आणि तिला पालापाचोळ्याचा वास होता. कुंडी उलटी करून गड्डा हातात घेतला. कंद सुटे केले तर ते पाच निघाले, त्यांतले दोन अजून न फुललेले. लेक शेजारी उकिडवी बसली आणि किती खोल लावायचे ते विचारू लागली. मी तिला देठ दाखवला. जमिनीखाली असतो तो भाग पांढरा असतो आणि उजेड लागतो तिथून तो हिरवा होतो; पांढरा भाग संपतो तिथपर्यंत माती आली पाहिजे. तिने एकेक कंद हातात घेऊन ती रेघ शोधली आणि बोटांनी माती दाबली.